मांयचा फुटबॉल

सोमवार ते शनिवार माझ्या सासूच्या तोंडून वावगा शब्द निघत नसे. परसातल्या भाजीत शिरलेल्या कोंबडीलासुद्धा ती “वच गो बाय” म्हणून समजावून बाहेर काढायची. पहाटे तुळशीला पाणी, दुपारी पोथी, तिन्हीसांजेला दिवा, असा तिचा आठवडा चालायचा. रविवारी ऊन कललं की तीच बाई कापणी झालेल्या शेताच्या कडेला खुर्ची टाकून बसायची आणि शिटीवाल्या एका गरीब गृहस्थाच्या सात पिढ्या उकरून काढायची. संध्याकाळी घरी आली की पाय धुवायची, खळखळून चूळ भरायची आणि पुन्हा देवाधर्माला मोकळी. ही चूळ कशासाठी, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, “तोंडान काम केलें, तोंड धुवपाक नाका?”

गोव्यात, आमच्या पार्स्यात, सासूला मांय म्हणतात. मी चंदगडकडची. आमच्यात माय म्हणजे आई. माझा भाऊ तुयेच्या कारखान्यात कामाला होता आणि त्याच्या शेजारच्या यंत्रावर ‘हे’. त्या दोघांनी एकमेकांच्या डब्यातलं खाता खाता माझं लग्न ठरवलं. बघायला आले तेव्हा ह्यांनी सांगितलं, “घरात मांय आहे, धाकटा भाऊ आहे.” मला वाटलं, आईचं एवढं काय सांगायचं, ती सगळ्यांनाच असते. सासरी आल्यावर मी आमच्या रीतीप्रमाणं तिला ‘अहो, तुम्ही’ म्हणायला लागले, तर ती मागं वळून बघायची. “कोणाक सांगता गो? माज्या फाटल्यान कोण आसा?” महिनाभरात माझा ‘अहो’ गळून पडला. इथंही मी तिला ‘ती’च म्हणणार आहे. ‘त्या’ म्हटलं तर जिथं असेल तिथं ती मागं वळून बघेल.

लग्नाला पंधरवडा झाला असेल. रविवार होता. मांय धुतलेलं लुगडं नेसून बाहेर आली आणि म्हणाली, “कदेल घे.” कदेल म्हणजे खुर्ची, हे मला तोवर कळलं होतं. पहिल्या दिवशी मी कढई नेऊन दिली होती. मी खुर्ची डोक्यावर घेतली. मांयनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही शेताच्या बांधावरून निघालो. मला वाटलं, कुठंतरी कीर्तन असणार. थोरामोठ्यांना मान म्हणून खुर्ची घरून नेत असतील. पोचलो तर समोर भात कापलेलं शेत, दोन्ही टोकांना बांबूच्या चौकटी, चुन्याच्या रेघा, आणि अर्ध्या चड्ड्या घातलेले बावीस बाप्ये एका चेंडूच्या मागं. मी नवी नवरी. मी पदर पुढं ओढला आणि खाली बघत बसले.

माझे वडील आमच्या गावच्या तालमीत वस्ताद. जत्रेतल्या कुस्त्या मी लहानपणापासून बघितलेल्या. कुस्तीत दोन माणसं, एक माती आणि एक निकाल. जो वर तो जिंकला, ज्याची पाठ टेकली तो हरला, आणि दोघं धूळ झटकून आपापल्या गावाला जातात. इथं कोण कुणाला पाडतंय तेच कळेना. पडायचा तो आपला आपणच पडायचा, पाय धरून असा विव्हळायचा की त्याच्या घरी निरोप पाठवावा, आणि शिटी वाजली की टुणकन उठून पळायचा. एवढ्या माणसांनी एवढा वेळ पळून शेवटी एकाचीही पाठ लागली नाही. आमच्या गावात असं झालं असतं तर लोकांनी नारळाचे पैसे परत मागितले असते.

मांय मात्र रंगात आली होती. आमच्या बाजूला रेघेपलीकडं काहीतरी तांबडं उभं होतं. आमच्या संघाचे बनियनही तांबडे. मांय खुर्चीतून अर्धी उठली आणि ओरडली, “धांव मरे! उबो कित्याक रावला? आवयन जेवण घालूंक ना?” सगळं मैदान हसलं. खेळणारेसुद्धा हसले. “मांय ती मांयच,” असं कुणीतरी म्हणालं. मी तिच्या पायाशी बसले होते, म्हणून मला तिचा चेहरा दिसला. ती हसत नव्हती. लोक कशाला हसताहेत ते तिला कळलं नव्हतं. मग ती उशिरानं हसली, आणि खाली वाकून तिनं माझं मनगट धरलं.

“गो, तो कोण आशिल्लो?”

“कोण?”

“जाका हांवें गाळ दिली तो.”

“वासरू होतं, मांय.”

ती म्हणाली, “कोणाचें?”

त्या संध्याकाळी चुलीपुढं बसून तिनं मला सगळं सांगितलं. दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता. उजेड कळायचा, रंग कळायचे, माणूस हलला तर हलल्याचं कळायचं. तांदूळ ती बोटांनी निवडायची, आणि पोथी कैक वर्षांची पाठ असल्यामुळं पान उलटायचं तेवढं काम. मैदानावर तिच्या शेजारी माझी नणंद नलू बसायची आणि खेळ सांगायची. नलूचं लग्न वैशाखात झालं आणि ती शिरोड्याला गेली. हे ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यातलं एक कोडं सुटलं. थोरल्या मुलाच्या लग्नाची घाई कशाला, तुळशीचं लग्न लागल्या लागल्या पहिलाच मुहूर्त कशाला, असं आमच्याकडं सगळे विचारत होते. हंगाम सुरू व्हायला आला होता. मला बघायला आली तेव्हा तिनं रांधता येतं का, शिवता येतं का, काही विचारलं नव्हतं. “दारांतल्यान भायर किदें दिसता तें सांग,” असं म्हणाली होती. मी गोठा, गंजी, पाणंद, पाणंदीतून जाणारी म्हैस आणि म्हशीच्या पाठीवरचा कावळा एवढं सांगितलं. तिनं लगेच होकार दिला. आमच्याकडच्या बायकांना वाटलं, गोव्याची माणसं फार साधी.

“मग डॉक्टरला का दाखवत नाहीस?” मी विचारलं.

“तुजो मांव हॉस्पिटलांत चलत गेलो,” ती म्हणाली. मांव म्हणजे सासरा. तो परत कसा आला हे तिनं सांगितलं नाही. ते मला ठाऊक होतं. “आनी ह्या पोरांनी म्हटलें, दिसना जाल्यार वता कित्याक, तर?”

पोरांना कळलं तर ती घरी बसवतील, ही तिची खरी भीती. जायचं कशासाठी, तर उल्हास खेळायचा म्हणून. उल्हास म्हणजे माझा धाकटा दीर. तो शाळेत असताना चेंडूमागं जायचा म्हणून मांयनं त्याला केरसुणीनं मारलं होतं. एकदा तर त्याला कानाला धरून घरी आणायला ती तावातावानं मैदानावर पोचली. तेव्हा चेंडू नेमका त्याच्या पायात होता. “म्हटलें, इतलो मारता तो मारून जांव, मागीर व्हरतां,” ती सांगायची, म्हणजे एवढा मारून होऊ दे, मग नेते. तो मारून झाला, पुढचाही मारून झाला, आणि अंधार पडेपर्यंत ती उभीच राहिली. त्या दिवसापासून केरसुणी केरालाच.

माझ्यासाठी तिनं एकच नियम घातला. “तुका दिसता तें सांग. तुका समजता तें नाका.” मला समजत काहीच नव्हतं, त्यामुळं अट सोपी होती. पुढच्या रविवारपासून मी तिच्या खुर्चीला टेकून, पदराआडून, हळू आवाजात सुरू झाले.

“तांबड्यानं चेंडू पायानं मारला.”

“कोणाक?”

“कुणालाच नाही. लांब मारला. दुसऱ्यानं डोक्यानं मारला.”

“आमच्या?”

“नाही, स्वतःच्याच डोक्यानं.”

मांयनं कपाळावर हात मारला. मी पुढं सांगत राहिले. एकदा मी आनंदानं तिचा गुडघाच दाबला. “मांय, भावजींनी टांग मारली! आडवा केला त्याला! पाठ टेकली, चीतपट!” मला वाटलं, आता पटका बांधतील. मांय म्हणाली, “अरे देवा, फाउल,” आणि डोळे मिटून घेतले.

ह्या सगळ्यात एक गंमत व्हायची. मैदानात काही घडलं की ते मी बघायचं, मग सांगायचं, मग मांयनं माझ्या सांगण्यातून खरं काय झालं ते ओळखायचं, आणि मग शिवी द्यायची. तोवर रेफ्री पार पलीकडं पोचलेला असायचा. सगळं मैदान शांत झाल्यावर एकटी मांयची शिवी यायची, ठणठणीत. लोक म्हणायचे, “बाकीचे रागाच्या भरात बोलतात, मांय विचार करून बोलते.” त्यामुळं तिच्या शिवीला मान होता. रेफ्री शेजारच्या गावातून सायकलवरून यायचे. तिची त्यांना सगळ्यात आवडती हाक होती, “आंधळ्या!” ती हाक ऐकली की मी पदर तोंडात कोंबायचे.

ऑफसाइड मला काही केल्या समजेना. चेंडू आला, आपल्या माणसानं घेतला, मग शिटी कशाला? मांयनं ते मला गणपतीच्या वेळी, पंगत वाढता वाढता समजावलं. पळय म्हणजे बघ, पळ नव्हे, हे मी तोवर शिकले होते. “पळय, पानां मांडल्यांत. यजमान अजून हात धुता. आनी एकटो आदींच वचून पानार बसला. ताका वाडूंक जायना. जेवण आयलें तरी ताका वाडूंक जायना. तो ऑफसाइड.” हे मला अगदी पटलं. असा एक माणूस प्रत्येक पंगतीत असतो, आणि आमच्याकडं तर तो नात्यातलाच असतो. “मग परवा उल्हास भावजी बसले होते ते?” मी विचारलं. मांयला राग आला. “ताका भूक लागिल्ली!” ती म्हणाली.

माझे वडील एकदा पार्स्याला आले. घरी आलेल्या पाहुण्यांशी मांय घरची बोली बोलायची नाही. त्यांच्यासाठी ती पोथीतलं मराठी काढायची. “आपण तांबूल सेवन करावा,” ती म्हणाली, “मग उभयतां मैदानाप्रत जाऊ.” वडील घाबरले, पण गेले. सामना बरोबरीत सुटला, एकही गोल झाला नाही. परतताना वडील हळहळले. “एवढी जवान पोरं, एवढा घाम, आणि निकाल काहीच नाही? आमच्या तांबड्या मातीत अशी जोड सोडतच नाहीत.” मांय पोथी विसरली. “तुमगेर दोघे एकमेकांक घट्ट धरतात,” ती म्हणाली, “लोकांनी सोडोवपाचें, तें तुमी नारळ फोडून पळयतात!” वडील गावाकडं जाऊन हे सगळ्या तालमीला सांगत सुटले. पुढं पत्र आलं की शेवटी हमखास असायचं, ‘विहीणबाईंचा संघ काय म्हणतो?’

त्या दिवसांत गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, असं भाषेचं वादळ उठलं होतं. भिंती दोन्हीकडच्या घोषणांनी रंगल्या होत्या. एकाच घरातले भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, आणि कुठल्या भाषेत बोलत नव्हते, ते विचारायची सोय नव्हती. मांयचं मत पक्कं होतं. “आमी मराठी. आमची पोथी मराठी, आरती मराठी, भजन मराठी.” हे ती अर्थातच कोंकणीत सांगायची. मी एकदा धीर करून विचारलं, “मांय, मग आत्ता तू बोलतेस ती कुठली?” तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी चहाला चहा का म्हणतात असं विचारलं. “ही? ही आमची मराठी.”

आमच्या संघात दामू आणि प्रकाश हे शेजारी. दामू मराठीवाला, प्रकाश कोंकणीवाला. एका रविवारी मी नेहमीसारखं दिसेल ते सांगत होते. दामूकडं चेंडू आला, प्रकाश मोकळा होता, दामूनं लांब मारला. थोड्या वेळानं प्रकाशकडं आला, दामू मोकळा, प्रकाशनं मागं मारला. मांयनं मला थांबवलं. “परत सांग.” मी पुन्हा सांगितलं. “हे एकामेकाक बोल दिनात,” ती म्हणाली. बोल म्हणजे चेंडू, दिनात म्हणजे देत नाहीत. सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत चाललेली गोष्ट त्या दिवशी फक्त तिला दिसली. मध्यंतरात तिनं दोघांना बोलावून खुर्चीसमोर उभं केलं. ते पाणी पीत होते, ते भांडंही तिनं काढून घेतलं. “राजभास जाय ती करात,” ती म्हणाली, “हांगा बोल दियात!” दोघांनी माना खाली घातल्या. त्या दिवशी आम्ही हरलोच, पण ते दोघं मिळून हरले.

माझ्या दुसऱ्या हंगामाच्या शेवटी, काजू संपत आले असताना, गावच्या स्पर्धेचा अंतिम सामना आला. तोवर उल्हासचा गल्फचा विसा आला होता. पावसाआधी जायचं, परत कधी ते त्या कंपनीच्या मनावर. म्हणजे हा त्याचा शेवटचा सामना. मांय त्या आठवड्यात फार बोलली नाही. शनिवारी मला म्हणाली, “फाल्यां बरें सांग हां. एकूय सोडूं नाका.” मी म्हटलं, सांगते. मनात म्हटलं, उद्या घसा फुटला तरी चालेल.

समोर डिचोलीकडून आलेला संघ होता. शिरगावकडच्या खाणींवर काम करणारे गडी, ट्रकमधून आलेले. धुऊन धुऊन त्यांच्या पांढऱ्या बनियनला मातीचा रंग बसला होता. पहिला गोल त्यांनी केला. मग दामूनं आमचा केला. मैदानाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. अर्ध्या लोकांच्या पोटात हुर्राक, म्हणजे काजूची ताजी दारू, होती, आणि हुर्राक प्यायलेला प्रत्येकजण प्रशिक्षक झाला होता. मी सांगत होते. दामूकडं आला. दामूनं अडवला. दामू बघतोय.

त्या वेळी उल्हास भावजी चेंडूकडं न येता उलटे, त्या टोकाच्या कोपऱ्याकडं पळत सुटले. आधीच्या वर्षी मी म्हटलं असतं, हे कुठं निघाले, घरी? पण त्यांच्यामागं खाणीवाल्यांचे दोघं ओढले गेले, आणि मधे, दार उघडावं तशी, जागा मोकळी झाली. तिथं कुणीही नव्हतं. नुसती भाताची खुंटं होती. तरी मला दिसलं की तिथं आता कुणीतरी येणार. माणसं दिसायची थांबून मला जागा दिसायला लागली होती. प्रकाश त्या जागेत शिरला, दामूनं चेंडू नेमका तिथंच दिला, प्रकाशभोवती चौघं धावले, आणि तेवढ्यात कोपऱ्याकडं पळणारे भावजी वळले होते. त्यांच्यापुढं आता कुणी नव्हतं. प्रकाशनं न बघता पाय लावला. भावजींनी तो पळता पळताच मारला, आणि गोलकीपर जिकडं झेपावला त्याच्या उलट बाजूनं चेंडू बांबूला घासून आत गेला.

मैदान फुटलं. लोक आत धावले. मी उभी होते. पदर खांद्यावर होता की नव्हता, आठवत नाही. मी दोन्ही हात वर करून ओरडत होते, आणि कुणीतरी मागून माझी साडी ओढत होतं.

“किदें जालें? सांग! सांग मगो!”

मी वळले. मांय खुर्चीच्या टोकावर बसली होती. चेहरा वर, माझ्या आवाजाच्या दिशेला. दामू बघतोय, ह्यानंतर मी तिला एक अक्षर सांगितलं नव्हतं.

बांधावरून परत येताना मी डोक्यावर खुर्ची घेऊन पुढं आणि ती माझ्या खांद्यावर हात ठेवून मागं. पोरं उल्हासला खांद्यावर घेऊन देवळाकडं गेली होती. मला रडू येत होतं. घरी आईच्या हाताखाली एवढं रांधून वाढून शिकले, आणि एक काम सांगितलं होतं ते जमलं नाही.

“मांय, मी सांगायचंच विसरले,” मी म्हटलं.

“हय. विसरलें.”

“आता सांगू?”

“मागीर सांग.” ती थोडं चालली. मग म्हणाली, “नलू स वर्सां सांगताली. एक दीस ओगी रावली ना. तिका केन्नाच कळ्ळें ना.” ओगी म्हणजे गप्प. तिनं माझा खांदा जरा दाबला. “तूं आयज ओगी रावलें. तुका खेळ समजलो.”

मी डोक्यावरची खुर्ची सावरली. तेवढ्यात ती म्हणाली, “पूण आतां तूं माज्या उपेगाक पडची ना.”

रात्री जेवताना तिनं दोन्ही मुलांना सांगून टाकलं. आमटी वाढ म्हणावं तशा आवाजात म्हणाली, “माका दोळ्यांनी दिसना.” ह्यांचा घास हातातच राहिला. “केव्हापासून?” “तुज्या लग्नाआदींसावन.” “मग मुलगी बघायला आलीस ती?” “तुवें पळयली न्हय?” ती म्हणाली, “पुरो.” आणि लगेच, “उल्हास वचचे आदीं दोळे करून घेतां. ताका पळोवन धाडटां.” हॉस्पिटलाचं नाव काढलं की ती उठून तुळशीपाशी जायची. जायच्या दिवशीही तिथंच जाऊन उभी राहिली. मी हात धरला, तर तिनं झटकला आणि वर म्हणाली, “कदेल हाडलें ना?”

एका डोळ्याचं काम झालं. पट्टी सुटली, नाकावर जाड काचेचा चष्मा बसला. सगळ्यात जवळ मी उभी होते. मांयनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. “तुजें नाक ल्हान गो,” ती म्हणाली. “आवाज आयकून माका दिसिल्लें, व्हडलें आसतलें.” मी हसले. मग तिनं मान वळवली. पायाशी उल्हास उभा होता. तिनं त्याला हातानं जवळ बोलावलं, वाकायला लावलं, चष्मा सारखा केला.

“मिशी केन्ना दवरली रे?”

मिशी त्यानं तीन-चार वर्षांपूर्वीच ठेवली होती. बाकीचे हसले. उल्हास काहीतरी आणायला जातो म्हणून बाहेर गेला आणि बऱ्याच वेळानं काहीही न आणता परत आला. त्यानंतर आठवड्याभरात तो गल्फला गेला. मांय रस्त्यापर्यंत आली, टॅक्सी वळेपर्यंत बघत राहिली, आणि वळल्यावरही राहिली. चष्मा नवा होता, तिला वाटलं असेल की त्यातून आणखी पुढचंही दिसेल.

पुढच्या हंगामात ती स्वतःच्या डोळ्यांनी खेळ बघायला बसली. पहिल्या दिवशी शिटी वाजली, तसे रेफ्री आमच्यासमोरून धावत गेले. मांय बघतच राहिली. इतकी वर्षं जिच्या शिव्या ह्या माणसानं खाल्ल्या, तिनं त्याला प्रथमच धड पाहिलं. म्हातारा झालेला, केस पिकलेले, बगळ्यासारखे पाय. मध्यंतरापर्यंत तिच्या तोंडून शब्द आला नाही. लोकांना वाटलं, डोळ्यांबरोबर बाईचं तोंडही कापून टाकलं. मला म्हणाली, “बापडो गो. घरा कोण आसा काय ना ताका?” दुसऱ्या अर्ध्यात त्यांनी आमच्या दामूला ऑफसाइड दिला. मांय उठून उभी राहिली. “पांय बारीक जाले म्हण नदर बरी जायना रे!” मैदानानं सुटकेचा सुस्कारा सोडला. आता तिची शिवी वेळेवर यायची, आणि त्यामुळं तिचा थोडा भाव कमीही झाला.

खेळ मात्र तिला तितकासा पसंत पडला नाही. “इतलेच धांवतात?” ती विचारायची. “तूं सांगतालें तो खेळ बरो आशिल्लो.” दोन वर्षांनी उल्हास रजेवर आला तेव्हा त्याला पोट सुटलं होतं. मांयनं हट्टानं त्याला एक सामना खेळायला लावला. रिकाम्या गोलासमोरून त्यानं चेंडू थेट माडात मारला. मांयनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि उरलेला वेळ तो मांडीवरच ठेवला.

गोव्याचं घटकराज्य झालं, भाषेचा निकाल लागला, भिंती पुन्हा पांढऱ्या झाल्या. मांय तशीच ‘आपली मराठी’ बोलत राहिली. आमच्यात भांडणं व्हायची ती आता सासूसुनेची नसायची. मी म्हणायचे, बचाव नीट नव्हता. ती म्हणायची, रेफ्री विकला गेला. ह्यांनी मधे पडून स्वयंपाकाचं विचारलं की आम्ही दोघी एकदम त्यांच्यावर धावून जायचो.

ती गेली श्रावणात. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी पहाटे शांत. मैदानात तेव्हा गुडघाभर पाणी आणि हिरवं भात होतं. नलू शिरोड्याहून पोचली, उल्हासला विमान मिळालं नाही. दामू आणि प्रकाश खांदा द्यायला आले. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त राग आला तो पावसाचा. तिला जाताना निदान मैदान तरी मोकळं दिसायला हवं होतं.

तुळशीचं लग्न झालं, शेत कापलं गेलं, रेघा पडल्या. ह्यांनी विचारलं, “एकटी जाणार?” मी म्हटलं, “जाते.” बायका आता बऱ्याच यायला लागल्या होत्या, मी त्यांच्यात जाऊन उभी राहिले. समोर कुठल्यातरी लांबच्या गावाचा संघ होता. शेवटाला त्यांच्या एका पोरानं, अंगानं अगदी किडकिडीत, आमच्या तिघांना एकामागोमाग चुकवलं, मान वर करून एकदा गोलकीपर कुठं आहे ते बघितलं, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून असा अलगद सोडला की तो आत जाऊन पडला तरी आवाज झाला नाही. आम्ही हरलो. सगळं मैदान गप्प झालं. आणि त्या गप्प मैदानात एकटीचे हात टाळ्या वाजवत होते. ते माझे होते, हे मला लोक वळून बघायला लागले तेव्हा कळलं.

मांय असती, तर त्या संध्याकाळी तिनं मला घरात घेतलं नसतं.